बाद ठरवलेलं रक्त

शालनबाई मोशीच्या. वावरावर सोसायट्या उठल्या, तरी त्यांना घरात बसवेना. पन्नाशीत त्या चाकणच्या एका छोट्या कारखान्यात पट्ट्या तपासायच्या कामाला लागल्या.

बोटाएवढी पट्टी, तिच्यावर कार्बनच्या तीन रेघा. रक्ताचा थेंब पडला की रेघांतून अगदी क्षीण वीज वाहते, आणि शरीरात कुठे आतून दाह सुरू झाला असेल तर मीटर तो आकड्यात सांगतो. माणूस आजारी दिसायच्या आधीच. धडधाकट माणसाचा आकडा पाचच्या आत.

नवीन लॉट निघाला की तो तपासायला कामगारच बोट पुढे करत, आकडे वहीत लिहिले जात. नियमात बसत नव्हतं, पण रीत पडली होती. शालनबाईंचं बोट सगळ्यांच्या आधी. "आमचं रगत एक नंबर हाय," म्हणायच्या.

गौरी-गणपतीनंतर त्यांचा आकडा आठ आला. दोन दिवसांनी चौदा. मग सव्वीस.

"पट्ट्याच बाद आहेत," इंजिनिअर निरंजन म्हणाला. अख्खा लॉट मोडीत गेला. नव्या लॉटमध्ये बाकीच्यांचे दोन, तीन, दीड, शालनबाईंचा एकेचाळीस. ऑडिट आठ दिवसांवर आलं होतं. निरंजनने वहीतल्या त्यांच्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी 'पट्टी खराब' असं लिहिलं.

"मावशी, उद्यापासून तुम्ही थेंब देऊ नका."

शालनबाईंना उलट सुटल्यासारखं झालं. दाढ काढल्यापासून रोज संध्याकाळी अंगात कणकण भरायची, जिना चढताना धाप लागायची. वय झालं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आता वहीसुद्धा आजार काही नाही असंच म्हणत होती.

शेजारच्या खुर्चीवर लातूरची साधना बसायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात मावशी स्वेटर घालून बसल्या, ते तिने पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत ती पट्ट्यांची डबी घेऊन आली.

"बोट द्या, मावशी."

"नगं गं. पट्टी खराब हाय म्हणून सायबांनीच लिवलंय."

"मग आधी माझं बघू."

साधनाचा आकडा आला दोन. त्याच डबीतली दुसरी पट्टी, शालनबाईंचा थेंब. अठ्ठ्याहत्तर.

 मग साधनाने त्यांचा हात धरला. "पट्टी चांगली आहे, मावशी. उठा." शिफ्ट संपायची वाट न बघता तिने रिक्षा थांबवली आणि सरळ दवाखाना गाठला.

दाढेच्या जखमेतून रक्तात शिरलेले जंतू हृदयाच्या झडपेवर ठाण मांडून बसले होते. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. जीव वाचला, पण झडप कुरतडली गेली होती. ऑपरेशनला पर्याय नव्हता. तीन आठवडे आधी यायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

निरंजन भेटायला आला, तेव्हा शालनबाईंनी त्याला खाटेजवळ बसवलं. "सायेब, मशीन खरं बोलत व्हतं. आपुन दोघांनी बी त्येला खोटं पाडलं."



कारखान्यात परत गेल्यावर निरंजनने मागच्या सगळ्या वह्या काढल्या. शालनबाईंशिवाय आणखी दोन ओळींवर रेघ होती. एक पॅकिंगमधला किसन. त्याची पुन्हा तपासणी झाली, ठणठणीत निघाला. दुसरा वॉचमन भैरू. अकरा, तीस, चौपन्न, आणि मग रेघ. उन्हाळ्यातच तो काम सोडून गेला होता. फोन लागेना.

निरंजन तळेगावला त्याच्या खोलीवर गेला. दाराला कुलूप होतं.

"भैरू व्हय?" घरमालक म्हणाला. "अंगात ताप व्हता म्हनून गावी गेला. गाव कुठलं, ते काय बोलला न्हाई."