वाडीचा मोगरा

आमच्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात. माझं ठरलं आणि नेमके एक चुलत सासरे वारले. सुतक आलं. मग सोसायटीचा हॉल मिळेना, मग नवऱ्याला सुट्टी मिळेना, असं करत करत नववा लागला. सासूबाई, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, रोज कॅलेंडरासमोर उभ्या. मी म्हटलं, "आई, आता बारशालाच एकदम करू या. वाडी मला नको, बाळालाच घाला." त्या भडकल्या. "तुझ्या जिभेला काही हाड? पहिलटकरीण आहेस, हौस नको व्हायला?" माझी स्वतःची आई मी कॉलेजात असताना गेली. तिच्या वाटची हौससुद्धा याच करणार होत्या, म्हणून मी गप्प बसले.

वाडी म्हणजे फुलांचे दागिने. डोक्याला मुकुट, दंडाला बाजूबंद, गळ्यात हार, कमरेला पट्टा, सगळं मोगऱ्याच्या कळ्यांचं. जवळच्या राई गावातली एक बाई हे दागिने करते, तिला सासूबाईंनी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. शेवटी एका रविवारचा हॉल मिळाला. जेसल पार्कातली आमची बिल्डिंग, खाली हॉल, वर आम्ही, त्यामुळे जिने उतरून जाण्यापलीकडे मला काही करायचं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी आंघोळ करताना माझ्या लक्षात आलं की बाळ हललेलं नाही. शनिवारी संध्याकाळी त्याला उचक्या लागल्या होत्या, पोट टिचटिच उडत होतं. त्यानंतर काय झालं ते आठवेना. रात्री मी मेल्यासारखी झोपले होते. पोटावर कोमट पाणी ओतलं, बोटाने टोचून पाहिलं, "ए उठ ना" म्हटलं. काही नाही. मग बाहेरून हाक आली, "आटप गं, फुलवाली आलीये," आणि मी साडी नेसायला गेले.

हे मी नीट सांगते, कारण इथे लपवण्यात काही अर्थ नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं. "हालचाल कमी वाटली की थांबायचं नाही. रविवार असो, सण असो, उठून यायचं." मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली होती. मला सगळं माहीत होतं. मी काही अडाणी नव्हते, आणि घरात मला कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं. एक शब्द बोलले असते तर सासूबाईंनी स्वतः रिक्षा आणली असती.

पण मी बोलले नाही. खाली साठ माणसांचं जेवण चढलं होतं.

फुलवाली माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि पट्टा बांधताना तिने पोटावर हात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही पटकन. "लय थंड हाय गो तुजा पोर," ती म्हणाली. "निजलाय काय?"

"रात्रभर नाचलंय मावशी," मी म्हटलं. "मला झोपू दिलं नाही. आता स्वतः झोपलंय बघा कसं."

हे असं तोंडातून आलं. माझी नोकरीच तशी आहे. फोनवर चिडलेल्या गिऱ्हाइकांना गोड आवाजात सांगायचं, सगळं ठीक आहे, आजच होऊन जाईल. दहा वर्षं तेच करतेय. तो आवाज माझ्या घशात तयारच असतो. फुलवाली हसली, तिने गाठ मारली, आणि एकदा खोटं बोलून झाल्यावर मग दिवसभर पुढचं खोटं बोलायला मला काही वाटलं नाही.

खाली हॉलमध्ये प्रत्येक बाई तेच विचारत होती. "लाथा मारतं का गं?" मारतं की! शेजारच्या गुजराती काकींनी विचारलं, "बेबी किक मारता है ना?" मी म्हटलं, "बहुत मारता है आंटी, एकदम बदमाश है." सगळ्या खो-खो हसल्या. माझी ओटी भरली, पाच जणींनी ओवाळलं, झोपाळ्यावर बसवून फोटो काढले. एकीकडे मी हात पोटाखाली दाबून धरला होता. गोड खाल्लं की बाळ हलतं असं ऐकलं होतं, म्हणून दोन जिलब्या खाल्ल्या. मग गार सरबत प्यायले. मग अजून एक जिलबी. "बघा बघा, डोहाळे कसले लागलेत," कोणीतरी म्हणालं. मग दोन वाट्या पुढे आल्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. मी डावीकडची उचलली. बर्फी निघाली. मुलगी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा नवरा लांब उभा होता, त्याचा चेहरा नुसता फुलला होता. त्याला मुलगीच हवी होती.

पाच वाजता शेवटच्या बायका गेल्या तेव्हा मी त्याला कोपऱ्यात बोलावून सांगितलं, "अरे, बाळ सकाळपासून हललं नाहीये." तो म्हणाला, "कधीपासून?" मी म्हटलं, "सकाळपासून." त्याने परत विचारलं, "कधीपासून?" त्याला समजत नव्हतं असं नाही.

स्टेशनापलीकडे, पश्चिमेच्या नर्सिंग होममध्ये मी तशीच गेले, वाडी अंगावर घेऊन. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपताना कमरपट्टा आड येत होता, तो नर्सने कात्रीने कापला. डॉक्टरबाई बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. मग त्यांनी यंत्राची स्क्रीन स्वतःकडे वळवली. मी म्हटलं, "मॅडम, उपाशी नाहीये हं मी, भरपूर खाल्लंय." त्या म्हणाल्या, "बाळाचे ठोके मिळत नाहीयेत गं."

केव्हा गेलं? शनिवारी रात्री असेल, रविवारी सकाळी असेल, दुपारीसुद्धा असेल. नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. सकाळी आले असते तर? तेही सांगता येत नाही. त्या चांगल्या बाई आहेत, मला एका शब्दानेही लागेल असं बोलल्या नाहीत. मला तेच सहन झालं नाही. कोणी खाडकन एक मुस्कटात दिली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं होतं, आता पोट फाडतील आणि काढतील, मला गुंगी देतील, संपलं. तर नाही. नॉर्मलच करायची म्हणाल्या. गोळ्या ठेवून कळा आणायच्या, पोटावर उगाच टाका नको, पुढच्या वेळेसाठी ते बरं. पुढच्या वेळेसाठी! मी ओरडले, "कुठली पुढची वेळ? मी ह्याच वेळेचं विचारतेय!" नवऱ्याने माझा हात धरला. त्याला मी तेव्हाच सांगून ठेवलं, "काहीही झालं तरी मला ती दाखवायची. कोणी नको म्हटलं तरी दाखवायची." तो हो म्हणाला. त्या एका गोष्टीवर मी पुढचे सगळे तास काढले. तिला बघायचं होतं. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, एवढंच, दुसरं काही मी मागत नव्हते.

सोमवारी सकाळी कळा खऱ्या सुरू झाल्या. त्या अगदी तशाच येतात. कमरेत सुरू होतात, पुढे येतात, दात करकचून आवळले तरी हूं निघतंच. मूल आहे की नाही हे त्यांना कोण सांगणार? मला वेड्यासारखी मधूनमधून आशाही वाटत होती, एवढं दुखतंय म्हणजे कोणीतरी ढकलत असणार. पलीकडच्या खोलीत दुसरी एक बाई होती. दुपारी तिचं बाळ रडलं, आणि आमच्या खोलीत आयाबाईंनी दार लावून घेतलं. त्या आयाबाई पन्नाशीच्या होत्या. माझी पाठ चोळत होत्या, "जोर लावा ताई, तुमच्यात ताकद आहे" म्हणत होत्या. मी जोर लावला. दुपारी चार वाजता ती झाली.

मी कान देऊन बसले होते. सगळं माहीत असून कान दिला होता. नुसता भांड्यांचा आवाज आला.

"मुलगी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बघायचंय तुला?"

तेवढ्यात सासूबाई माझ्या उशाशी आल्या आणि त्यांनी कपाळावर हात ठेवला. "नको बघूस बाळा. एकदा बघितलंस तर आयुष्यभर दिसत राहील." नवरा माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणेन याची वाट बघत होता, कबूल केल्याप्रमाणे. आणि मी भिंतीकडे मान फिरवली. कोणी फिरवली नाही, मी फिरवली. मला भीती वाटली. काय दिसेल याची भीती वाटली, आणि ती माझ्याकडे कशी बघेल याची, जणू ती बघणार होती.

बाळासाठी आधी काही नवं घेऊ नये म्हणून घरात काहीच आणलेलं नव्हतं. सासूबाईंच्या मऊ झालेल्या जुन्या साडीची दुपटी तेवढी होती. त्यातल्याच एकात तिला गुंडाळलं. इतक्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात. नवरा अंधार पडायच्या आत जाऊन आला. आला तेव्हा त्याच्या चपलांना माती होती, आणि मी त्याला खोलीत येण्याआधी पाय धू म्हणाले. असं कसं बोलले मी?

तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, दूध आलं. बंद व्हायची गोळी दिली होती, तरी आलं. छाती दगड झाली, गाउन भिजला, हात वर करता येईना. मी पलंगावर बसून हमसून हमसून रडले. सासूबाईंनी फ्रिजमधून स्टीलचा डबा आणला. त्यात वाडी होती. नर्सिंग होममध्ये माझ्या अंगावरून उतरलेली, कापलेल्या पट्ट्यासकट सगळी त्यांनी ओल्या फडक्यात ठेवली होती. कळ्या उमलून कडेने तांबूस झाल्या होत्या, वास मात्र तसाच. त्यांनी दोऱ्यातून फुलं ओढून काढली, ठेचली, माझ्या छातीवर थापली आणि वरून सुती कापड घट्ट बांधलं.

"मोगऱ्याने दूध आटतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला बांधलेला मी पाहिलाय. माझा भाऊ असाच झाला होता. मी सात वर्षांची होते, कोणाचं लक्ष नव्हतं तेव्हा फडकं उचलून बघितलं त्याला. अजून दिसतो."

"तुम्हाला निदान दिसतो तरी, आई."

त्या गाठ मारता मारता थांबल्या. मी विचारलं, "कशी होती? तुम्ही गुंडाळलीत ना तिला?" त्यांनी मान खाली घातली. म्हणाल्या, "तोंड आधीच झाकून दिलं होतं गं मला. मी उघडलं नाही. त्यालाही उघडू नको म्हटलं."

चार दिवसांत दूध आटलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आईने सांगितलं म्हणून नाही बघितलं. म्हणजे घरातल्या एकाही माणसाने तिचा चेहरा पाहिला नव्हता. नऊ महिने ती माझ्याजवळ होती आणि ती कशी दिसायची ते सांगणारं कोणी नाही.

महिन्याने तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंना विचारायची हिंमत झाली नाही. खाली आयाबाई दिसल्या, चादरींचा गठ्ठा घेऊन चालल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. "मावशी, मी ती सोमवारची. दुपारी चारची. तुम्ही माझी पाठ चोळत होतात. माझ्या मुलीला तुम्ही बघितलंत ना? कशी होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी आठवत नव्हते. ते स्पष्ट दिसत होतं, रोज इतक्या बाया येतात, त्यांचाही काय दोष? पण त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, माझ्या गालाला हात लावला आणि हसून म्हणाल्या, "छान होती हो ताई. एकदम गोरीपान. अगदी तुमच्यावर गेली होती."

तो आवाज मी ओळखला. रविवारी दिवसभर मी त्याच आवाजात बोलले होते.

"हो ना?" मी म्हटलं, आणि रिक्षा बघायला बाहेर आले.