झाकणाखालचा खडू

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या लोकांना "आधी घरचं वायरिंग तपासून घ्या" असा सल्ला मीच दिलेला आहे. काहींना राग आला... साहजिक आहे. आज माझी पाळी आहे, तेव्हा ज्यांना वचपा काढायचा असेल त्यांनी खुशाल काढावा.

मी चिखलीची. तीस वर्षं एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढले. सुरुवातीची बरीच वर्षं फिल्म हातानं धुवावी लागे, म्हणजे रोज दोन-तीन तास डार्करूमच्या काळोखात एकटीनं उभं राहायचं. तिथं घाबरत बसले असते तर पेशंटचं तुटलेलं हाड कोणी दाखवलं असतं? आणि आमचं घर बौद्ध. बाबांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं – "दिसलं त तपासून पाह्य, नाई दिसलं त सोडून दे." भूत, भानामती, बाहेरची बाधा यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आजही मी मानत नाही. फक्त नांदुऱ्याला जे झालं ते मी तपासून पाहिलं, आणि तपासून हाती काही लागलं नाही, एवढंच.

झालं असं की गेल्या ऑगस्ट महिन्यात सोनाळ्याहून भावाचा फोन आला. त्याच्या प्रज्ञाला नर्सिंगची सीट मिळाली होती, पण जातवैधता प्रमाणपत्र अडकलेलं. पन्नास सालाच्या आधीचा कागद हवा. तो कागद म्हणजे बाबांचं शाळेत नाव घातल्याची नोंद. भावाची शेती आणि माझी खासगी नोकरी, त्यामुळे आम्हा दोघांना तो कधी लागलाच नाही.

"शाळेतलं रजिस्टर वाळवीनं खाल्लं व ताई," भाऊ म्हणाला. "पुठ्ठा तेवढा राह्यला. शुक्रवारी शेवटची तारीख हाय. पोरगी दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यली."

पण मुख्याध्यापकांनी त्याला एक गोष्ट सांगितली होती. नांदुऱ्याचे इंगळे गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आसपासच्या शाळांची जुनी रजिस्टरं मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानापानाचे बारीक फोटो काढून, टिपली होती. बंद पडलेल्या कुठल्याशा कार्यालयातून कॅमेरा आणि टेबलावर ठेवायचं फिल्म धुण्याचं मशीन त्यांनी विकत घेतलं होतं. सोनाळ्याचं रजिस्टर त्यांनी सगळ्यात शेवटी टिपलं, आणि तो रोल धुण्याआधीच ते वारले. चार वर्षं झाली. न धुतलेला रोल वाचनालयाच्या कपाटात, सीलबंद डब्यात पडून होता. पान दिसलं तर उतारा साक्षांकित करून देतो, असं मुख्याध्यापक म्हणाले.

मंगळवारी सकाळची एसटी पकडून मी नांदुऱ्याला पोचले.

वाचनालयाचे ग्रंथपाल शंकरभाऊ, पन्नाशीचे, भला माणूस. त्यांनी मागची खोली उघडून दिली. मशीन प्लास्टिकखाली झाकलेलं होतं, शिलाई मशीनच्या पेटीएवढं. आत ओळीनं स्टीलच्या दोन सारख्या टाक्या, पुढे पाण्यानं धुण्याची जागा आणि शेवटी फिल्म वाळवणारा हीटर. भिंतीवर गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात 'मशीन चालवण्याचे नियम' डकवलेले. एकूण आठ. कसरीनं मधला सहावा नियम अख्खा फस्त केला होता, बाकीचे वाचता येत होते.

मंगळवार पूर्ण मांडणीतच गेला. गुरुजींचा पहिला नियम होता, "आधी अर्थिंग, मग मशीन." मी टेस्टर लावून पाहिला तर अर्थ नव्हताच. वायरमनला बोलावून तो करून घेतला, कारण पाणी आणि वीज एकाच डब्यात चालवायची म्हणजे त्यात हयगय नाही. टेबल डगमगत होतं, त्याच्या पायाखाली पाचर मारली. नळाला गाळणी लावली. सांडपाण्याचा पाइप लोखंडी होता, तो काढून प्लास्टिकचा टाकला आणि त्याचं तोंड मशीनपेक्षा खाली राहील असं बांधलं. खिडकीत पंखा उलटा बसवला, वाफ बाहेर जावी म्हणून. शंकरभाऊ पाहत उभे होते.

"तुम्ही त पूर्ण लग्नघरच मांडून राह्यले ताई."

"एकच रोल आहे, शंकरभाऊ. याला दुसरा मुहूर्त नाही."

संध्याकाळी दोन्ही टाक्यांत नुसतं पाणी भरलं आणि आधीच धुतलेल्या जुन्या फिल्मची पट्टी सोडून पाहिली. उजव्या बाजूच्या, फिल्म ठेवायच्या डबीतून पट्टी आत गेली, डावीकडून कोरडी बाहेर आली. कुठं गळती नाही, कुठं अडकणं नाही. बुधवारी सकाळी अकोल्याहून मागवलेली रसायनं आली. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात जुना ॲप्रन. आधी फिक्सर भरला, मग डेव्हलपर, म्हणजे डेव्हलपरमध्ये शिंतोडा जायला नको. डेव्हलपर फिल्मवरचं चित्र उठवतो आणि फिक्सर ते कायमचं बसवतो. रोल मात्र मोजे काढून, कोरड्या हातांनी, काळ्या पिशवीत चाचपत, उजेड न शिरणाऱ्या डबीत चढवला.

इथं एक कबुली देते. नियमानं आधी चाचणीची फिल्म धुऊन पाहायला हवी होती. माझ्याकडे दुसरी न धुतलेली फिल्म नव्हती आणि डोक्यात शुक्रवार बसला होता. मी रोलच लावला.

झाकण बंद केलं, बटण दाबलं. मशीन ढिम्म.

या मशीनला झाकण नीट बसल्याशिवाय वीज मिळत नाही. मिक्सरचं भांडं बसलं नाही की तो फिरत नाही ना, तसंच. मी वाकून पाहिलं तर झाकणाच्या कडेला खाली खडूचा तुकडा. पांढरा, शाळेतला, बोटाच्या पेराएवढा.

"शंकरभाऊ, इथं खडू कोणी ठेवला?"

ते दारातून आत आले. "मी काऊन ठेवू खडू? इथं फळा तरी हाय का कुठं?"

मी खडू खिडकीत ठेवला. वरून पडला असेल म्हणून छत पाहिलं, कपाटाचा माथा पाहिला. तेवढ्यात वीज गेली ती दीड तासानं आली. मधल्या वेळात मी खोलीला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून समोरच्या खानावळीत जेवून आले. परत येऊन बटण दाबलं... पुन्हा ढिम्म. झाकणाखाली खडू. पहिला खिडकीत होता तिथंच होता. हा दुसरा.

माझं डोकं फिरलं. कोणीतरी थट्टा करतंय आणि इकडे आमच्या मुलीचं वर्ष चाललंय! शंकरभाऊंना मी जरा जास्तच बोलले. दुसरी किल्ली कोणाकडे आहे, खिडकी बाहेरून उघडते का, सगळं विचारलं. दुसरी किल्ली नव्हती. खिडकीला गज, त्यात माझाच पंखा बसवलेला. शंकरभाऊ माझं बोलणं मनावर न घेता हळूच म्हणाले, "गुरुजीच्या खिशात कायम खडू राहे, ताई. रिटायर झाले तरी राहे. तुम्ही म्हणाल त एक नारळ फोडतो."

"नारळ नको. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसा आणि कोणालाही आत सोडू नका."

ते बसले. दुपारचे अडीच वाजले असतील, खोलीत लख्ख उजेड. मी झाकणाची पूर्ण कड बोटानं फिरवून पाहिली, स्वच्छ होती. झाकण दाबलं. डावी खिट्टी लावली, उजवी खिट्टी लावली, दोन्हींचा आवाज ऐकला. मग डेव्हलपरचं तापमान पाहायला बाजूच्या काट्याकडे मान वळवली. मनात तीन म्हणेपर्यंतचा वेळ, जास्त नाही. बटण दाबलं.

ढिम्म.

दोन्ही खिट्ट्या लागलेल्या होत्या. आणि त्या लागलेल्या झाकणाखाली तिसरा खडू. आता तुम्हीच सांगा, खिट्टी लागताना मध्ये खडू असेल तर त्याचा चुरा व्हायला हवा. हा साबूत होता. त्याला साधा ओरखडा नव्हता. मी शंकरभाऊंकडे पाहिलं. ते जागचे उठले नव्हते, पण चेहरा पार उतरला होता.

भीती वाटली का? हो, वाटली. मानेवर घाम आला. वाटलं, रोल घ्यावा आणि चिखलीची गाडी धरावी. पण मग प्रज्ञाला जाऊन काय सांगायचं? खडू आडवा आला म्हणून? मी स्टुलावर बसले आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "दिसलं ना? मग तपास."

मी ठरवलं, आता अगदी पहिल्यापासून तपासायचं. प्लग, अर्थ, पाणी, पाइप. मग फिल्म ज्या वाटेनं जाणार त्या वाटेवर हवेत बोट फिरवलं. उजवीकडची डबी, तिथून पहिली टाकी, म्हणजे उजवी...

बोट तिथंच थांबलं. झाकण उघडून उजव्या टाकीवर वाकले तर व्हिनेगरसारखा आंबट वास. फिक्सर!

डार्करूममध्ये तीस वर्षं माझ्या डाव्या हाताला डेव्हलपर आणि उजव्या हाताला फिक्सर होता. सगळ्या एक्स-रेवाल्यांची सवय तीच. या मशीनमध्ये फिल्म उजवीकडून आत जाते, हे मी आदल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी सकाळी हातांनी सवयीनं टाक्या उलट्या भरल्या. पहिल्याच वेळी मशीन चालू झालं असतं तर रोल आधी फिक्सरमध्ये गेला असता आणि काचेसारखा कोरा होऊन बाहेर आला असता. बाबांचं नाव, सोनाळ्यातल्या शेकडो पोरांची नावं, सगळं धुऊन गेलं असतं. माझ्या हातून.

मला रडू आलं. मी लपवलं नाही. शंकरभाऊंनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

मग पदर खोचला. दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. फिक्सर गटारात न सोडता कॅनमध्ये घेतला. टाक्या, नळ्या, रूळ पाच-पाच पाण्यांनी धुतले. नशिबानं निम्मी रसायनं बाटल्यांत शिल्लक होती. या वेळी टाकी भरताना तोंडानं म्हणत गेले, उजवी डेव्हलपर, डावी फिक्सर. शंकरभाऊंना माझ्यामागे म्हणायला लावलं. रोलच्या टोकाची वीतभर फिल्म कापून चाचणीला घेतली, जी आधीच घ्यायला हवी होती. झाकण लावलं, बटण दाबलं.

मशीन पहिल्या झटक्यात घुरघुरलं. चाचणीची पट्टी काळी होऊन बाहेर आली, उजेड लागलेली फिल्म जशी यायला हवी तशी. मग रोल सोडला. पुढची पंचवीस मिनिटं मी हलले नाही. डावीकडून फिल्म बाहेर येत गेली, कोरडी, गडद, आणि तिच्यात मुंगीच्या पावलांसारखी पांढरी अक्षरं.

ती वाचनालयाच्या रीडरवर, म्हणजे फिल्म मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवली आणि एकेक पान पुढे सरकवत गेले. बाबा चौसष्टाव्या पानावर भेटले. बाबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, जात, गाव, पहिली इयत्ता, आणि पालकाच्या सहीच्या जागी आजोबांचा अंगठा. त्या अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. मी भावाला फोन लावला. तो फक्त "हाव का? हाव का?" एवढंच म्हणत राहिला, आणि मागून प्रज्ञाचा रडण्याचा आवाज आला.

उतारा गुरुवारी साक्षांकित झाला, शुक्रवारी दाखल झाला. प्रज्ञा आता पहिल्या वर्षाला आहे.

पण बुधवारी संध्याकाळी मी रोल शेवटपर्यंत पाहिला होता, ते सांगायचं राहिलं. अक्षरं नीट आली की नाही हे पाहायला गुरुजी प्रत्येक रोलच्या शेवटी हाताशी असेल तो एखादा कागद टिपत, असं शंकरभाऊ म्हणाले. या रोलच्या शेवटी त्यांनी भिंतीवरचे नियम टिपले होते. कसर लागायच्या आधीचे, आठच्या आठ. सहावा मी वाचला आणि शंकरभाऊंनाही वाचायला सांगितला, माझेच डोळे चुकत नाहीत ना म्हणून.

"६. डेव्हलपर उजव्या टाकीत. माझ्यामागे हे मशीन बहुधा एखादा एक्स-रेवालाच चालवील. सवयीने त्याचा हात उलटा जाईल. त्यास थांबवावे."

नियम मला समजतो. दूरचं पाहणारा माणूस होता, आपल्यामागे हे काम कोणाच्या हाती जाईल याचा अंदाज त्यांनी बांधला, यात अमानवीय काही नाही. खडूचं मात्र मला आजही कळलेलं नाही. वायरमनला झाकण दाखवलं, माझ्या ओळखीच्या विज्ञानाच्या शिक्षकांना खिट्ट्या दाखवल्या. त्यांनी खिट्टीत साधा खडू घालून पाहिला, तीनदा पाहिला, तीनदा चुरा झाला. तुमच्यापैकी कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी तपासून पाहीन. वायरिंग मात्र सांगू नका, ते मी स्वतः करून घेतलंय.

गुरुजींचा कॅमेरा अजून चालतो. कितीतरी गावांची रजिस्टरं अजून टिपायची आहेत आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही, म्हणून दर शनिवारी मी नांदुऱ्याला जाते. ते तीन खडू तिथल्या टेबलाच्या खणात ठेवलेत. चौथा अजून आलेला नाही. तरी बटण दाबण्याआधी मी झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवते, आणि कड स्वच्छ असली की "टाक्या भरल्या बरोबर, गुरुजी" असं म्हणून मगच मशीन सुरू करते.