पॉलिशचा वास

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या दाराला आज पॉलिश झालं, आणि त्या वासाने मला कित्येक वर्षं मागे, नंदाखाल गावातल्या एका खोलीत नेऊन बसवलं. मानसशास्त्र शिकून आलेल्या आमच्या फादरांसाठी तिथे समुपदेशन केंद्र उघडलं होतं. फीत कापायला बँडही होता. मुलगा विहिरीत बुडाल्यापासून माझी मावशी धड जेवत नव्हती, म्हणून मी तिला तिथे नेलं.

फादरांनी ताज्या पॉलिशचा वास येणारी नवी, गादीची खुर्ची पुढे केली. मावशी मात्र कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला बसावं तशी जमिनीवर गुडघे टेकून बसली. "मीच त्याला पानी आनायला धाडला, फादर."

"मावशी, हे पाप नाही, दुःख आहे. तुमचा काहीच दोष नाही." ते शिकले होते तसंच बोलले, आणि ते खरंही होतं.

मावशीने मान वर केली. "पापच नाय, तर मंग माफी कशाची देशाल?"

 फादर आपल्या खुर्चीवरून उतरून तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. तेव्हा मला ते सांत्वन वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.