तिघांचा बोल्ट

हितेंद्र सर अमळनेरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्रांचा विषय शिकवतात, आणि त्यांचीच सायकल गेले पंधरा दिवस त्यांची अब्रू घालवत होती. हौसेने त्यांनी गिअरच्या सायकलचे गिअर काढून टाकले होते. पायडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांपैकी दोन उतरवल्या, मागेही एकच ठेवली. सायकल हलकी झाली, देखणी झाली आणि दर फेरीला ‘कट्’ करू लागली. सरांनी साखळी बदलली, पायडल बदललं, ग्रीस तर इतकं भरलं की दोन पँटी वाया गेल्या. उद्या हीच सायकल वर्गात नेऊन मुलांना शिकवायचं होतं. पोरं काय हसतील, या धास्तीने सरांना जेवण गोड लागेना.

शेवटी मान खाली घालून ते उखर्डू आबांच्या सायकलच्या दुकानी गेले. आबांनी बावीस वर्षं तेलाच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. तिथल्या धडधडीत कान गेले ते गेलेच. आवाज शोधायला आपण बहिऱ्याकडे आलो, याचं सरांना मनातून हसूच आलं.

आबांनी त्यांच्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं.

“सर, आवाज चाकना फेराले येस का पायडलना?”

“पायडलच्या. एका फेरीला एकदा.”

“मंग मांगे दखानं कामच नही. बसा वर. ब्रेक दाबा, नि पायडलवर जोर द्या.”

आबांनी डोळे मिटले. एक तळवा सायकलच्या नळीवर ठेवला, दोन बोटं चकतीवर. सरांनी जोर दिला. कट्. चकती केसभर हलली होती, आणि ते त्या बोटांना कळलं होतं.

“पण चकतीचे पाचही बोल्ट तर मी पूर्ण आवळलेत,” सर म्हणाले.

“बोल्ट घट्टच शे. पन हाऊ तिन्हीसना मापना बोल्ट शे, सर. दोन तुम्ही काढी टाक्यात. आते हाऊ एकलीले कसा धरी?”

आता सरांना उमगलं. बोल्ट लांब पडून आपल्याच टोपणासारख्या नटाच्या तळाला टेकत होता आणि चकती मधे सैल राहत होती. बोल्टांच्या शेकडो आकृत्या त्यांनी फळ्यावर काढल्या होत्या. या माणसाला मात्र ते सगळं डोळे मिटून तळहाताने दिसत होतं.

आबांनी डब्यातून पाच पातळ वायसर निवडले, पाची बोल्टांत घालून आवळले. सर बाजारापर्यंत चक्कर मारून आले. साखळीची नुसती सळसळ. उद्याच्या वर्गाची चिंता मिटली, आणि ते रस्ताभर एकटेच हसत होते.

आबा दारातच उभे होते.

“गया का आवाज?” त्यांनी विचारलं.

तेव्हा सरांच्या ध्यानात आलं, की ज्याने हा आवाज घालवला त्याला तो गेल्याचं ऐकूच येणार नव्हतं. मान डोलावणं त्यांना पुरेसं वाटेना. ते सायकलवर बसून राहिले, ब्रेक दाबला, आबांचा तळवा धरून नळीवर ठेवला आणि पायडलवर सगळा भार दिला.

आबांनी डोळे मिटले, दोन बोटं चकतीवर टेकवली; चकती जागची हलली नाही.

“गया,” ते म्हणाले.