साडूच्या कपाटाखाली दोन तास

आमच्या गल्लीतला सुतार तसा भला माणूस, पण साडूचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. दोघांचा धंदा एक, बायका सख्ख्या बहिणी, आणि गिऱ्हाइकं हळूहळू धाकट्या साडूकडे सरकलेली. एकदा भर चौकात हा बोलून बसला, "त्याच्या कपाटांवर कुऱ्हाड घालीन!" चौथ्या दिवशी दुपारी साडूच्या कारखान्यातली कपाटं कुणीतरी खरंच फोडली. संध्याकाळी पोलीस थेट याच्याच दारात.

सुताराच्या वकीलबाईंनी विचारलं, "कपाटं फुटली तेव्हा होतात कुठे?"

सुताराने शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं.

"अहो, दुसरीकडे होतात हे दाखवलं तर सुटाल. नाहीतर जा दोन वर्षं आत."

बायकोला बाहेर पाठवून त्याने सांगितलं. साडूने आदल्याच दिवशी एका शिक्षिकेकडे उंच पायांचं कपाट बसवलं होतं. 'साडूने तपासायला पाठवलंय' अशी थाप मारून हा त्या दुपारी दोन तास त्या कपाटाखाली उताणा पडला होता. एक खिळा न ठोकता कोपरे बसवलेत कसे, ते बघायला.

"शिक्षिका साक्ष देतील. पण कशाला गेलात, ते तुम्हीच सांगायचं."

"त्याच्यासमोर? त्यापेक्षा तुरुंग बरा!"

शिक्षिकेने साक्ष दिली. सरकारी वकील हसले, "दोन तास कपाटाखाली? झोपला होता की काय?"

न्यायाधीश म्हणाले, "आरोपीवर बोलायची सक्ती नाही. काही सांगायचंय?"

मागच्या बाकावर साडू बसलेला. सुताराने कठडा घट्ट धरला.

"झोपलो नव्हतो, साहेब. कोपऱ्याची खाच आतून तिरकी आहे, खालून शिरल्याशिवाय दिसत नाही. मेल्याचा हातच असला! वीस वर्षं रंधा मारतोय, मला नाही जमलं. म्हणून चोरून बघत होतो."

बायकोने तोंडावर हात ठेवला.

साडूला परत उभं केलं. "खरंय साहेब. तशी खाच मी त्या एकाच कपाटाला केलीय. कुणाला दाखवलेली नाही."

सुतार सुटला, तोही साडूच्या साक्षीने. याहून वाईट काय असणार!

बाहेर साडू म्हणाला, "साडूभाऊ, विचारलं असतंत तर शिकवलं असतं की."

"तू? मला शिकवणार?" सुतार ताडताड पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला.

"आता काय झालं?" बायको म्हणाली.

मागे न बघताच त्याने विचारलं, "तो तिरका काप... करवतीचा की पटाशीचा?"