भुरीला पाणी गिळवेना

मुरबाडचे जनावरांचे डॉक्टर आमच्या म्हशीला तपासायला आले होते. हात धुता धुता त्यांची नजर ओट्याखाली बसलेल्या भुरीवर गेली आणि ते दोन पावलं मागं सरले.

"ही कधीपासून अशी आहे?"

भुरीचा खालचा जबडा लोंबत होता. लाळेची तार जमिनीला टेकली होती. मी म्हटलं, "दोन दिवस झाले. घशात हाडूक अडकलंय. पाण्यात तोंड घालते, पण गिळवत नाही."

"हाडूक दिसलं तुम्हाला?"

"नाही. काल तोंडात हात घालून पाहिलं. सापडलं नाही."

डॉक्टर म्हणाले, "हात दाखवा."

भातकापणी चालू होती. विळा लागून माझी दोन बोटं कापली होती, जखमा अजून ओल्या होत्या. त्यांनी हात न लावता लांबूनच पाहिलं.

"ताई, हे हाडूक नाही. मला रेबीज वाटतोय. पिसाळण्याचा आजार. प्रत्येक कुत्रं चावत सुटत नाही, काहींचा जबडा आणि घसा असा लुळा पडतो. पक्कं निदान मेल्यावर मेंदू तपासूनच होतं, तोवर थांबू नका. साबण घ्या, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवा आणि आजच शहापूर गाठा."

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "पिसाळलेली नाय ती. बघा की, किती शांत हाय."

भुरी आमच्याकडे सात वर्षं होती. सासूबाई गेल्या त्या साली कुणीतरी किन्हवलीच्या बाजारातून पिल्लू आणून सोडलं. आबा तेव्हा दोन महिने कुणाशी धड बोलत नव्हते. एकदा मी चूल पेटवत होते तर ओट्यावरून त्यांचा आवाज आला. "तुला पण कोण नाय का गो?" ते पिल्लाशी बोलत होते. तेव्हापासून भाकरीचा शेवटचा तुकडा भुरीचा. माझे यजमान कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असतात, ते घरी येणार असले की ती आधीच फाट्यावर जाऊन बसे.

भाद्रपदात एक कोल्हा गोठ्यापर्यंत आला होता. भुरीने त्याला हाकललं, पण नाकावर जखम घेऊन आली. आम्ही हळद भरली. चार दिवसांत जखम सुकली आणि आम्ही विसरलो. तिला कधीच रेबीजची लस दिली नव्हती. गावात कुणीच देत नाही. ही चूक माझी आहे, ती मी इथे लिहून ठेवते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कापणीसाठी सुट्टी घेऊन घरी आलेल्या यजमानांनी लांब काठीला दोरी बांधून भुरीला शेळ्यांच्या रिकाम्या खोपीत कोंडलं. मी जीपने शहापूरला गेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कागदावर त्यांनी कॅटेगरी थ्री लिहिलं. त्याचा अर्थ सगळ्यात जास्त धोका. उघड्या जखमेला पिसाळलेल्या जनावराची लाळ लागली तर ती चावल्यासारखीच धरतात. मला त्याच दिवशी लस दिली. शिवाय इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारशक्ती, बोटांच्या जखमांत सुईने भरली. डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

"घरात आणखी कुणाला चावली आहे?" त्यांनी विचारलं. मी घरी फोन लावला. आबा म्हणाले, "नाय."

आबा दोन दिवस खोपीच्या कुडाबाहेर बसून होते. जेवायला उठत नव्हते. आत भुरी उभी राहायची, पडायची, पुन्हा उभी राहायची. तिचा आवाज बदलला होता. भुंकणं सुरू व्हायचं आणि मधेच फाटून रडण्यासारखं व्हायचं. आबांचा आवाज ऐकला की मात्र शेपूट हलायचं. ते मी कुडाच्या फटीतून पाहिलं. मेंदू पोखरला जात असतानाही तिने त्यांना ओळखलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हातमोजे घालून, खोल खड्डा खणून पुरली. आबांना हात लावू दिला नाही. "शेवटचा पण नाय?" त्यांनी विचारलं. यजमान मान खाली घालून माती लोटत राहिले.

माझा दुसरा डोस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा दगडावर आंघोळीला बसले होते. त्यांच्या पोटरीला फडकं गुंडाळलेलं दिसलं.

"हे काय, आबा?"

"काटा लागला."

मी फडकं सोडलं. दातांच्या चार खुणा होत्या, कडेने लालसर.

पोटरी झाकत ते म्हणाले, "तिचा दोष नाय. अंधुक दिसता मला, शेपटीवर पाय पडला. तुला सांगितला असता तर तू डॉक्टरला सांगितला असतास. गावाने काठ्यांनी मारली असती तिला, माझ्या देखत."

"पण आता ती गेली ना! आता तरी सांगायचं!"

"गेली तवा वाटला, आता कोणासाठी सांगू."

चावून आठ दिवस झाले होते. शहापूरला पोचेपर्यंत मी जीपमध्ये तेच दिवस पुन्हा पुन्हा मोजत होते.

डॉक्टरीणबाई आबांवर रागावल्या नाहीत. "उशीर झाला म्हणून लस सोडायची नसते. लस आणि जखमेतलं इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही आजपासून सुरू करू. पण मी खोटी हमी देणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन इन्क्युबेशन पिरियड समजावला. जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ. कधी काही आठवडे, कधी महिने. ताप, चावल्या जागी मुंग्या, मग पाण्याची भीती. लक्षणं सुरू झाली की उपाय नाही.

त्यानंतर आमच्या घरात आबांनी तांब्या उचलला की सगळ्यांचे हात थांबायचे. त्यांना ठसका लागला की यजमानांच्या तोंडचं पाणी पळायचं. मी माझी बोटं विसरून गेले होते. आबांना सगळं कळत होतं. ते पाठ फिरवून पाणी प्यायला लागले आणि मला ते जास्तच भयंकर वाटायला लागलं.

सगळे डोस संपले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आबांना ताप भरला. दुपारी ते म्हणाले, "पायाला मुंग्या येतात गो."

मी चपला घातल्या. यजमानांनी आबांना धरून जीपमध्ये बसवलं. वाटेत आबांनी खिडकीबाहेर पाहत एवढंच विचारलं, "मला पण खोपीत ठेवतील का?"

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, पोटरी पाहिली, डोळ्यांत विजेरीचा उजेड टाकला. मग सिस्टरला ग्लासभर पाणी आणायला सांगितलं. ते आबांपुढे धरून म्हणाल्या, "प्या, बाबा."

आबांनी ग्लास घेताना थोडं पाणी शर्टावर सांडलं. मी भिंतीला टेकले. त्यांनी एक घोट घेतला. घसा हलला. दुसरा घेतला. मग सगळा ग्लास रिकामा करून ते म्हणाले, "अजून द्या. तहान लागली."

रक्ततपासणीत मलेरिया निघाला. मलेरियाचं नाव ऐकून आनंदाने रडलेली माणसं त्या दवाखान्यात फार झाली नसतील. मुंग्या जखमेच्या वणाच्या होत्या, हळूहळू गेल्या.

आता वर्ष होत आलं. आबा आहेत. आम्हाला धीर देऊनही खोटी आशा न दाखवणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंचे, आणि दोन पावलं मागं सरलेल्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या कुत्र्याला गिळवेनासं झालं तर तोंडात हात घालू नका. लाडाच्या जनावराला लस द्या. आणि ते चावलं तर लपवू नका. आबांनी प्रेमापोटी लपवलं, पण प्रेम असलं म्हणून आजार थांबत नाही.

मी अंगणवाडीत शिकवते. हल्ली आठवड्यातून एकदा मुलांना सांगते, कुत्रं चावलं, मांजराने ओरबाडलं, तर घरी सांगायचं. कुणी मारणार नाही.

गेल्या सोमवारी हे सांगत असताना मागच्या रांगेतली चार वर्षांची मुलगी उठून उभी राहिली. तिने फ्रॉकची बाही वर केली. दंडावर खपली धरलेल्या दोन खुणा होत्या.

"कधी चावलं गो?"

तिला दिवस सांगता येईना.

मी मदतनीस बाईंना तिच्या आईला बोलवायला पाठवलं आणि तिला नळाकडे नेऊन साबण लावायला घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाय, तुमी रागावलात?"

"नाय गो," मी म्हटलं. "सांगितलंस ना. लय शहाणी हायेस."

तिची आई धावत आली आणि आम्ही तिघी शहापूरच्या जीपमध्ये बसलो.