लडकूने बांधला, लडकूनेच तोडला

पडघ्याला हायवेलगत माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानासमोर लडकूचा जेसीबी उभा असतो. त्यामुळे लडकूचं कौतुक करणं आणि त्याला शिव्या घालणं, ही दोन्ही कामं माझ्याकडेच. माणूस कामाला वाघ, पण डोकं बहुधा घरी ठेवून येतो. राहनाळच्या कितीतरी गोदामांचे पाये त्यानेच खणलेत. काम संपलं की मशीनवर बसून व्हिडिओ काढायचा, त्याला गाणं लावायचं आणि स्टेटसला टाकायचं, ही त्याची हौस.

गेल्या उन्हाळ्यात एका शेठने त्याला फार्महाऊसवर बोलावलं. ओहोळावर आडवी भिंत घालायची होती. मागे तळं साठेल, पाहुण्यांना होडीत फिरवता येईल, असा बेत. "परवानगी आहे," शेठ म्हणाला. लडकूने कागद बघायला मागितला नाही. पाया खणला, भराव टाकला, व्हिडिओ काढला. तोच ओहोळ पुढे त्याच्या बहिणीच्या, तुळजाच्या, भेंडीच्या मळ्याला पाणी देतो, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीआधीच ओहोळ आटला आणि तुळजाचा पंप चिखल ओढायला लागला. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच लडकूला वाढवलं. तो तिला बाय म्हणतो. बायला कळलं तर तिचं दार आपल्याला कायमचं बंद, या धसक्याने त्याने भाऊबीजसुद्धा चुकवली. मशीन बिघडल्याचं सांगितलं. मशीन माझ्या दुकानासमोर ठणठणीत उभं!

"मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जग आंधळं होतं का रे?" मी खडसावलं. "जाऊन सांग तिला."

"उद्या जातो, दादा."

त्याचा उद्या काही उजाडेना.

तुळजा मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. गावातल्या बायका घेऊन ती भिवंडीला तहसील कचेरीत गेली. मग पाहणीला पाटबंधारे खात्याच्या धम्मदिना मॅडम आल्या. त्यांच्याकडे उपग्रहाचे दोन फोटो होते. एकात ओहोळाकाठी नुसती झाडं, दुसऱ्यात तिथेच मोठं तळं. शेठने सांगितलं, गुरांसाठी पाणी अडवलंय.

"गुरं होडीत बसतात का?" मॅडमनी विचारलं.

नोटीस लागली. शेठने ती केराच्या टोपलीत टाकली. मुदत संपल्यावर बंधारा तोडायचा हुकूम निघाला आणि एका सकाळी मशीनसाठी फोन आला तो नेमका लडकूला. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"दादा, मीच बांधला, मीच तोडू? तिथं बाय असंल."

"मग नाही म्हण."

"सरकारी काम हाय, न्हाय कसा बोलू?"

हा वाटेतूनच पळेल असं वाटल्याने मी दुकान बंद केलं आणि त्याच्याशेजारी चढून बसलो.

काठावर सगळं गाव जमलं होतं आणि पुढेच तुळजा, हातात पिशवी. पोलिसांनी शेठच्या माणसांना बाजूला अडवून धरलं होतं. "एकदम फोडू नका," मॅडमनी बजावलं, "खालची शेतं वाहून जातील. कडेने थोडं थोडं घ्या." लडकूने कडेला खाच पाडली. पाणी धार धरून वाहू लागलं. थांबत, बघत, पुन्हा थांबत तो खाच वाढवत गेला. या धसमुसळ्याला इतक्या हळुवारपणे काम करताना मी पहिल्यांदा बघत होतो. दुपारी तळं बरंच उतरल्यावर त्याने भिंत पाडली. कोरड्या ओहोळातून आधी गढूळ, मग नितळ पाणी खाली निघालं. बायकांनी एकच गलका केला. मलाही इतकं हलकं वाटलं की शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मी मिठीच मारली.

तुळजा मशीनजवळ आली. लडकू खाली उतरला, मान खाली घालून उभा राहिला.

"बाय, सांगायचा हाय. ह्यो बंधारा..."

"तूच बांधलास. माझ्या पोरीनं, रीमानं, तवाच दाखवला ना मना तुझा स्टेटस."

लडकूने डोळे विस्फारले. सगळ्या गावाला दाखवलेली गोष्ट हा बहिणीपासून लपवत होता!

"मंग बोलली का न्हाय?"

"तू कवा बोलतोस त्याची वाट बघत व्हते. भाऊबीजेला पाट मांडून बसले, तरी आला न्हाईस. मंग मीच मॅडमना तुझा नंबर दिला. सांगितला, मशीन माझ्या भावाचा बोलवा."

लडकू लहान पोरासारखा रडला. तुळजाने पिशवीतून ताम्हण काढलं, निरांजन लावलं. मशीनची पूजा आहे असं वाटून हवालदाराने टोपी काढली. तुळजाने भावाच्या कपाळावरचा चिखल पदराने पुसला, कुंकू लावलं आणि राहिलेली भाऊबीज तिथेच ओवाळली.

"आता ह्याचा पन स्टेटस टाक," ती म्हणाली.